साखर चढवण्याआधी थोडं रक्त बाजूला काढा

प्रति,
गोव्यातल्या सरकारी आणि खासगी इस्पितळांच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे डॉक्टर व परिचारिका,
प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी,
आणि आरोग्य संचालनालय, पणजी.

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यात राहते आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टर नाही. पण माझ्या मुलाची रक्तातली साखर तीनदा धोक्याच्या खाली गेली आणि ती का जाते हे कळायला एक वर्ष लागलं. त्या वर्षात जे शिकले त्यातली एकच गोष्ट मला आपल्यापुढे मांडायची आहे.

मुलगा अडीच वर्षांचा होता. गणेश चवथीचा पहिला दिवस. घरात माणसंच माणसं, माटोळीखाली पोरांचा दिवसभर धुडगूस, मधूनमधून हातात एखादी नेवरी. रात्री आरत्या चालू असताना घुमट या वाद्याच्या त्या आवाजातच तो माझ्या मांडीवर झोपून गेला. जेवण राहिलं. म्हटलं, झोपला आहे तर झोपू दे. पहाटे पाचच्या सुमारास अंगावर पांघरूण घालायला हात लावला तर अंग गार, कपडे घामानं भिजलेले, डोळे वर गेलेले आणि डावा हात झटके देत होता.

इस्पितळात बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर ३४ आले. लगेच सलाईनमधून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच, गेलं. दहा मिनिटांत त्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्या डॉक्टरांचे पाय धरावेत असं मला झालं होतं. त्यांनी माझं पोर वाचवलं, हे मी कधी विसरणार नाही. दुपारी घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं: न जेवल्यामुळे साखर कमी. रात्री उपाशी झोपवू नका.

सहा महिन्यांनी ताप आणि उलट्या झाल्या, आणि पुन्हा तेच. या वेळी दुसरं इस्पितळ. साखर ४१. पुन्हा डेक्स्ट्रोज, पुन्हा दहा मिनिटांत पोर शुद्धीवर. लघवीत केटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, भरपूर सापडले, म्हणून कागदावर 'केटोटिक हायपोग्लायसेमिया' असं नाव आलं. झटका दुसऱ्यांदा आला म्हणून मेंदूचा आलेख काढून फिट्सचं औषधही सुरू झालं. बहुतेक मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत यातून बाहेर येतात, असं सांगितलं गेलं. आजाराला नाव मिळालं की आईवडिलांना निदान झाल्यासारखं वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं.

तिसऱ्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी शीर शोधली, सुई आत गेली, शेजारी परिचारिकेच्या हातात १० टक्के डेक्स्ट्रोज भरून तयार होतं. तरी त्या म्हणाल्या, "एक मिनिट, ताई." त्याच सुईतून त्यांनी सिरिंजभर रक्त काढून घेतलं, मग डेक्स्ट्रोज सोडलं. खरोखर एक मिनिटही गेलं नसेल. रक्त वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्यांत गेलं, त्यातल्या दोन बर्फात. प्रत्येक नळीवर त्यांनी वेळ लिहिली. मुलगा शुद्धीवर आल्यावर पहिली लघवी फेकायची नाही, या डबीत धरायची, असं मला बजावलं.

मग त्यांनी टॉर्च घेऊन त्याच्या हिरड्या पाहिल्या, बोटांची पेरं पाहिली. "घरात सगळ्यांत सावळा हाच का?" सासूबाई म्हणाल्या, उन्हात खेळून काळवंडला. डॉक्टरांनी त्याची चड्डी थोडी खाली केली. जिथे ऊन कधी पोचत नाही तिथलीही कातडी गडद होती, आणि गुडघ्यावरचा जुना व्रण काळाकुट्ट. वर्षभर त्याला रोज आंघोळ घालणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. पुढे तपासून कळलं की फिट्स नव्हत्याच, ते औषध थांबवलं.

नळ्यांचे निकाल आठवडाभर येत राहिले. साखर ३८ असताना इन्सुलिन मोजण्याइतकंही नव्हतं, केटोन वर होते, ग्रोथ हार्मोन ठीक, लॅक्टेट आणि अमोनिया ठीक. कोर्टिसोल हे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं हार्मोन मात्र जवळपास नव्हतंच. आणि त्याला हुकूम देणारं एसीटीएच हे हार्मोन प्रचंड चढलेलं. साखर घसरली की मुलाच्या शरीरात कोर्टिसोल उसळी मारून वर यायला हवं. पण डॉक्टरांनी तेवढ्या एका आकड्यावर निदान केलं नाही, कारण धडधाकट मुलातही कधीकधी ते अपेक्षेइतकं वर जात नाही. नंतर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासलं. ग्रंथी हललीच नाही. जनुकाची तपासणी झाली आणि नाव कळलं: फॅमिलिअल ग्लुकोकॉर्टिकॉइड डेफिशियन्सी. मेंदूतून निघालेला हुकूम अ‍ॅड्रिनल ग्रंथीला ऐकूच येत नाही. शरीर आणखी मोठ्यानं हाका मारत राहतं, आणि त्या हाका मारणाऱ्या एसीटीएचमुळेच कातडी काळवंडते. या आजारात सोडियम-पोटॅशियम बहुधा बिघडत नाही, म्हणून नेहमीच्या तपासण्यांत तो लपून राहतो.

आज तो दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कोर्टिसोलच, घेतो. ताप आला की मात्रा दुप्पट-तिप्पट, उलटी झाली की इंजेक्शन. तेव्हापासून साखर एकदाही पडलेली नाही. हे औषध नसताना त्याला एखादा जबर ताप आला असता तर रात्रीच्या दूधभातानं तो वाचला नसता. दुसऱ्या झटक्याच्या वेळी ताप होताच. किती काठावरून आम्ही परत आलो, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझं म्हणणं.

रक्तातली साखर कमी होणं हे तापासारखं लक्षण आहे. ताप उतरवला म्हणजे मलेरिया बरा होत नाही. पण तापात आणि यात एक मोठा फरक आहे. ताप उतरवल्यावरही मलेरियाचा जंतू रक्तात सापडतो. इथे मात्र उपचारच पुरावा पुसून टाकतो. डेक्स्ट्रोज शिरेत गेलं की इन्सुलिन उसळतं, चरबीतली आम्लं आणि केटोन झपाट्यानं खाली येतात, आणि थोड्याच वेळात रक्त असं दिसतं की जणू काही घडलंच नव्हतं. नंतर कितीही तपासण्या करा, त्या पहाटे शरीरात काय बंद पडलं होतं ते बऱ्याचदा त्या सांगू शकत नाहीत. डॉक्टरलोक या नमुन्याला 'क्रिटिकल सॅम्पल' म्हणतात. तो आपल्याला माहीत नाही असं मी म्हणत नाही, अभ्यासक्रमात तो आहेच. माझं म्हणणं एवढंच की पहाटे पाच वाजता, मूल झटके देत असताना, शेजारी आई रडत असताना, नुसतं माहीत असणं पुरत नाही. नळ्या हाताशी असाव्या लागतात.

त्या नमुन्यातून काय वाचता येतं हे मला त्या डॉक्टरांनी एका कागदावर काढून दाखवलं होतं. जेवणानंतर काही तास पोटातली साखर पुरते. मग यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सुटतं. ते ओसरलं की यकृत स्नायूंतली प्रथिनं आणि चरबीतलं ग्लिसरॉल वापरून नवी साखर बनवतं, आणि चरबी वितळून केटोन तयार होतात. ते मेंदूला साखरेऐवजी चालतात. कोर्टिसोल, ग्रोथ हार्मोन, ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनलिन हे सगळं चालू ठेवतात. इन्सुलिन एकटंच ते अडवून धरतं. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानानं मोठा, म्हणून तान्ह्या बाळाला दर किलोमागे मिनिटाला ४ ते ६ मिलिग्रॅम साखर लागते, मोठ्या माणसाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. आणि साठा मात्र लहान.

तर साखर ५० च्या खाली असताना केटोन नाहीत आणि चरबीतली आम्लंही नाहीत, याचा अर्थ इन्सुलिननं दारं लावून ठेवली आहेत. अशा बाळाला वेळीच डायाझॉक्साइडसारखं इन्सुलिन रोखणारं औषध मिळालं नाही तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं, कारण त्याला साखरही नाही आणि केटोनही नाहीत. अशा वेळी ग्लुकागॉन टोचलं की साखर ३० किंवा त्याहून जास्त चढते, कारण यकृतात साठा भरलेलाच असतो. चरबीतली आम्लं भरपूर पण केटोन अगदी कमी, म्हणजे चरबी जाळणारी साखळीच कुठेतरी तुटली आहे. एमकॅड हा त्यातला सर्वांत ठाऊक असलेला आजार. लॅक्टेट चढलेलं, पोट यकृतानं पुढे आलेलं, गाल बाहुलीसारखे, तर ग्लायकोजेन साठून राहण्याचा आजार. त्यातल्या मुलांना रात्री पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर द्यावं लागतं. आणि केटोनही भरपूर, बाकी सगळं ठीक, तेव्हा हार्मोन पाहायचे. तेही ठीक निघाले तरच 'साधं केटोटिक' म्हणायचं. माझ्या मुलाच्या बाबतीत हे शेवटचं पाऊल राहून गेलं होतं. सगळं वगळल्यावर जे नाव उरतं, तेच आम्हाला आधी मिळालं.

कारण कळल्याशिवाय सल्ला देणं किती धोक्याचं, याचं एक उदाहरण. फ्रुक्टोज-१,६-बायफॉस्फेटेज नावाच्या एंझाइमची उणीव असलेली मुलं आपल्या देशातही सापडतात. ती आजारी असताना मध, फळांचा रस, उसाच्या साखरेचं पाणी पाजलं तर त्यांची तब्येत आणखी बिघडते. शिरेतून गेलेलं ग्लुकोज त्यांना चालतं, पण घरी सोडताना 'गोड देत राहा' असं म्हणणं त्यांना बाधतं. न जेवल्यामुळे असं झालं, एवढं लिहून पाठवलेल्या मुलांत असं एखादं मूल असू शकतं.

नमुना चुकला तर दुसरी वाट आहे, पण ती बिकट आहे. मुलाला इस्पितळात ठेवून मुद्दाम उपाशी ठेवायचं, साखर पडायची वाट पाहायची आणि मग रक्त घ्यायचं. चरबी जाळण्याचा दोष असेल तर हा उपास जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी ती तपासणी हवी. पहाटे एका सुईतून जे फुकट मिळत होतं, त्यासाठी मग पोराला पुन्हा त्याच कड्यावर न्यावं लागतं.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, गैरसमज नको म्हणून. उपचार थांबवून रक्त काढा, असं मी म्हणत नाही. शीर सापडत नसेल, मिनिटभरात रक्त येत नसेल, तर नमुना सोडा आणि साखर द्या. पोर आधी. पण शीर सापडली असेल आणि सुई आत असेल, तर डेक्स्ट्रोजची सिरिंज जोडण्याआधी दुसरी रिकामी सिरिंज जोडायला वेळ लागत नाही. आणि तेही जमलं नाही तर पहिली लघवी तरी धरून ठेवा. केटोनच्या आणि चयापचयातल्या आम्लांच्या खुणा तिच्यात रक्तापेक्षा जास्त वेळ राहतात.

ग्लुकोमीटरबद्दलही बोलायला हवं. १०० च्या खालच्या साखरेत तो १५ नं इकडेतिकडे झाला तरी आंतरराष्ट्रीय मापात बसतो. म्हणजे यंत्रावरचे ५५ हे खरे ४० असू शकतात किंवा ७०. त्यावर उपचार सुरू करा, पण निदान त्यावर उभं करू नका, एक नळी प्रयोगशाळेत जाऊ द्या. तीही फ्लोराइडची, राखाडी झाकणाची, आणि लगेच. साध्या नळीतलं रक्त टेबलावर पडून राहिलं की पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. मग पहाटेचं रक्त सकाळी नऊला तपासल्यावर आलेला आकडा कुणाचा म्हणायचा?

आणि इन्सुलिनचा रिपोर्ट. प्रयोगशाळा शेजारी 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापते ती निरोगी माणसाची असते. साखर ४० असताना इन्सुलिन त्या मर्यादेत असणं हेच नॉर्मल नाही, तेव्हा ते मोजताही येऊ नये. इन्सुलिन चढलेलं पण सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) खाली, तर ते इन्सुलिन शरीरातलं नव्हेच, बाहेरून आलेलं. हे आकडे एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचावे लागतात, म्हणून रिपोर्टावर साखर आणि वेळ दोन्ही हवेत.

आता आपल्या गोव्यापुरतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे कितीतरी घरांत आजीआजोबांच्या उशाशी मधुमेहाच्या गोळ्या आहेत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची एकच गोळी दोन वर्षांच्या मुलाची साखर पाडायला पुरते, आणि परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो. डेक्स्ट्रोज दिल्यावर ते मूल सुधारतं, आणि पुन्हा पडतं. म्हणून इथल्या कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न 'काय खाल्लं' इतकाच 'घरात कुणाच्या गोळ्या आहेत' हा हवा. प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबावरच्या गोळ्यांचंही विचारा. आणि संकोच न करता फेणीचंही विचारा. सर्दीला फेणी चोळायची, कुठेकुठे चमचाभर पाजायची सवय अजून आहे. दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, आणि उपाशी लहान मुलात थोडीही पुरते. आया हे आपणहून सांगणार नाहीत. आवाज न चढवता विचारलंत तर सांगतील.

बिहारमधलं मुझफ्फरपूर आठवतं. तिथे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात मुलं पहाटे झटके येऊन दगावायची आणि मेंदूज्वर म्हणून नोंद व्हायची. २०१४ च्या तपासात कसून पाहिलं तेव्हा बऱ्याच मुलांची इस्पितळात आली तेव्हाची साखर तळाला गेलेली दिसली. रात्री न जेवता दिवसभर लिची खाल्लेली मुलं, आणि लिचीतल्या विषानं चरबी जाळण्याची वाट बंद केलेली. २०१७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. मुलांच्या लघवीत त्या विषाचे अंश सापडले म्हणून दुवा जुळला. तिथे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते.

मी आपल्याकडे मागते आहे ती गोष्ट स्वस्त आहे. प्रत्येक कॅज्युअल्टीत आणि आरोग्य केंद्रात एक बंद पाकीट. आत राखाडी झाकणाची नळी, साध्या दोन, बर्फात ठेवायच्या दोन, रक्ताचे थेंब सुकवायचा फिल्टर पेपर, लघवीची डबी आणि एक पानभर मराठीत-इंग्रजीत सूचना: कुठल्या नळीत काय, रक्त कमी निघालं तर आधी काय भरायचं, आणि मुलाच्या किलोमागे किती डेक्स्ट्रोज. फिल्टर पेपर गोव्याला नवा नाही. २००८ साली नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन चयापचयाचे आजार शोधायला सरकारी पातळीवर सुरुवात करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. वाळपईच्या आरोग्य केंद्रात हार्मोन मोजता येणार नाहीत, हे मला कळतं. मोजू नका. सीरम वेगळं करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळच्या गाडीनं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवा. तिथे नमुना कुणाच्या नावे स्वीकारला जाईल, एवढं संचालनालयानं ठरवून द्यावं. हे ठरलेलं नसेल तर रात्रपाळीचा डॉक्टर एकटा काय करील?

घरी सोडतानाच्या कागदावर चार ओळी वाढवा. साखर नेमकी किती, किती वाजता, डेक्स्ट्रोजच्या आधी की नंतर, शेवटचं खाणं किती तास आधी. आमच्या पहिल्या कागदावर आकडाच नव्हता. दुसऱ्या इस्पितळात मी "चौतीस होती" म्हटलं तर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा?

त्या तरुण डॉक्टरांनी तेव्हा लिहून दिलेली नळ्यांची यादी आमच्या फ्रीजच्या दारावर अजून लावलेली आहे. आता ती आम्हाला लागत नाही, तिची झेरॉक्स मी या पत्रासोबत संचालनालयाकडे पाठवते आहे. चवथ जवळ येते आहे. त्या पाच दिवसांत घरोघरी पोरं उशिरा जेवतील, काही न जेवताच झोपतील, आणि त्यातलं एखादं पहाटे आपल्याकडे येईल. त्याच्या आधी ही पाकिटं किती ठिकाणी पोचली, तेवढं कळवावं.

देव बरें करूं.

आपली,
सत्तरी तालुक्यातली एक आई